दिवेलागणीला निघणारी वायर

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात हे भुताखेतांच्या अनुभवांचं सदर वाचते ती माझी बायको, अनघा. ती वाचत बसली की मी चहाचा कप घेऊन मुद्दाम शेजारी जायचो आणि विचारायचो, "आज काय... पांढरी साडी की उलटे पाय?" ती पान उलटायची. आज हा अनुभव लिहायला मलाच बसावं लागलंय आणि ती स्वयंपाकघरातून गालातल्या गालात हसतेय. हसू दे.

माझं काम नेटवर्किंगचं. पनवेल परिसरातल्या छोट्या ऑफिसांमधले कॉम्प्युटर, प्रिंटर, झेरॉक्स मशीन एकमेकांना जोडून द्यायचे आणि बाहेरच्या उपद्व्यापी लोकांपासून सांभाळायचे, एवढंच. या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतं. नेट गेलं तर रस्त्यात कुणीतरी खोदलेलं असतं. प्रिंटर बंद पडला तर कुणीतरी त्याचा प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. "काही केलं नाही हो, आपोआप झालं" असं गिऱ्हाईक म्हणालं की मी ते या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. निदान तेव्हा तरी सोडून देत होतो.

जागा सांगतो. जुनं पनवेल, उरण नाक्याकडून आत येणारी एक गल्ली, तिथे फरसाणच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक वधूवर सूचक केंद्र आहे. नाव देत नाही, माणसांचीही नावं बदलली आहेत. पण जुने पनवेलकर ओळखतीलच, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची लग्नं तिथेच जमली आहेत. माझंही तिथेच जमलं.

केंद्र चालवायचे ते काका. तरुणपणी ते उरणजवळच्या मोरा बंदरात लाँचच्या तिकीट खिडकीवर होते. लाँच सुटायला अवकाश असला की लोक बाकावर बसून घरच्या गोष्टी काढायचे, कुणाच्या भावाला मुलगी हवी, कुणाच्या पुतणीला मुलगा. काका तिकीट फाडता फाडता स्थळं सुचवायचे. जमायला लागली तशी त्यांनी खिडकी सोडली आणि पनवेलला केंद्र काढलं. त्यांची बायको, मालतीकाकू, पत्रिका बघायच्या, काका माणसं बघायचे.

मी माझा बायोडेटा घेऊन गेलो तो दिवस अजून लख्ख आठवतो. रविवार होता, बाकांवर मुलामुलींचे वडील दाटीवाटीने बसलेले, खालून शेव तळल्याचा वास येत होता. माझा बायोडेटा वाचून काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. 'आवड : वाचन' यावर बोट ठेवून विचारलं, काय वाचतोस? माझा चेहरा बघून त्यांनी ते सरळ खोडलं आणि वर लिहिलं, 'आवड : बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणे.' म्हणाले, खरं तेवढंच लिहावं, पुढे संसार करायचाय. मग तो कागद त्यांनी मशीनवर पालथा ठेवला आणि गरमागरम कॉपी माझ्या हातात दिली. अनघा पुढे मला म्हणाली की ते एक वाक्य वाचूनच तिने होकार दिला. अजूनही ताज्या झेरॉक्सचा गरम कागद हाताला लागला की मला तो रविवार आठवतो आणि उगाच बरं वाटतं.

केंद्राची एक पद्धत होती. दिवेलागण झाली की काकू कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात दिवा लावायच्या. त्या वेळी ऑफिसात जो कोणी असेल त्याने उठायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे. भावी व्याही असोत नाहीतर पाणी भरायला आलेला माणूस, सुटका कुणाची नाही. आणि डोळे उघडले की काका कामाला लागायचे... सगळ्या मशीनच्या वायरी काढायच्या. फोनची, फॅक्सची, कॉम्प्युटरची. कारण एकदा पावसाळ्यात फोनच्या वायरीतून वीज आली होती आणि फॅक्स मशीन जळलं होतं. तेव्हापासून काकांचा वायर या वस्तूवरचा विश्वास उडाला. म्हणायचे, "वायरीतून वीज येते तशी आणखी काय काय येत असेल, आपल्याला काय ठाऊक?" मी नुकताच कोर्स केलेला, केंद्रातला कॉम्प्युटर बघायला जायचो. मी हसायचो.

काढलेली वायर ते बंदरावरच्या दोरीसारखी गुंडाळायचे. आठच्या आकड्यासारखे वेढे, शेवटचा वेढा आठाच्या कमरेभोवती आवळलेला, आणि मग भिंतीतल्या खिळ्यावर. हे सवयीने इतकं भराभर व्हायचं की बघत राहावं.

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्याआधी त्यांच्या मुलाच्या, म्हणजे निखिलच्या, आग्रहाने केंद्रात नेटवरचं मोठं मशीन आलं होतं. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन करून मेल, सगळं एकात. काकांना स्क्रीनवर वाचलेलं पटायचं नाही, स्थळ हातात धरून बघावं लागतं म्हणायचे. म्हणून केंद्राच्या पत्त्यावर आलेला प्रत्येक मेल मशीनने आपणहून छापायचा अशी सोय निखिलने करून दिली. शिवाय तो बंगळूरला, त्याला तिकडून आईसाठी कागद छापता यावेत म्हणून राउटरमधून मशीनपर्यंत थेट वाट मोकळी केली. त्याच्यापुरती केली असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात ती अख्ख्या जगाला मोकळी होती, आणि मशीनचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच.

काका असताना रात्रभर वायर काढलेलीच असायची, त्यामुळे हे कधी लक्षात आलं नाही. काकांच्या मागे काकू आणि भारती असं दोघींवर केंद्र चालू राहिलं. भारती उरणहून येते, मोऱ्याच्या कोळ्यांपैकी, काकांनीच तिला कामावर ठेवलं होतं. काकूंचे गुडघे कुरकुरतात, म्हणून त्या ऊन असतानाच बंद करून खांदा कॉलनीत घरी जायच्या. दिवा घरीच लावायच्या. केंद्रातलं मशीन मात्र दिवसरात्र चालू, रात्री आलेली स्थळं सकाळी ट्रेमध्ये तयार मिळावीत म्हणून.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंचा फोन आला. मशीन वेड्यासारखं छापतंय म्हणाल्या.

गेलो तर ट्रे भरून कागद जमिनीवर सांडलेले. लॉटऱ्या, औषधं, कसली कसली परदेशी जाहिरात, आणि काही पानं तर दोघींसमोर वाचता येणार नाहीत अशी. त्यातही कहर म्हणजे केस वाढवण्याच्या तेलाची एक जाहिरात होती. गोरापान, कोटातला, दाट केसांचा माणूस, खाली सगळं इंग्रजी. भारतीने फोटो बघून तो कागद 'परदेशस्थ वर' या फायलीत लावून टाकला होता. आणि एका आईला तो पसंतही पडला! पत्रिका मागवून घ्या म्हणून निरोप ठेवून गेली होती. काका असते तर हसून हसून खुर्चीतून पडले असते. काकूंनाही तेच आठवलं असावं, कारण हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी त्या दिवशी वरवरचं काम उरकलं. पासवर्ड बदलला, नको त्या मेलना चाळणी लावली. मुख्य वाट मात्र बंद करता आली नाही. निखिल म्हणाला, दादा, दुसरी सोय करेपर्यंत राहू दे. मशीनचं नवीन सॉफ्टवेअरही पुरवठादाराकडून यायचं होतं. ते आलं की पक्कं करू असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन, मशीन नेटवर नाही. गेलो. मशीनच्या पाठीमागची नेटची वायर काढलेली आणि गुंडाळून खिळ्यावर अडकवलेली. मी वायर लावली, घरी आलो. पुढच्या सकाळी परत तेच. मग रोज.

माझा स्वभाव तसा तापट. मी भारतीवर उखडलो. म्हटलं, बंद करताना वायर काढायची नाही हे किती वेळा सांगायचं? ती ऐकून घेणारी नाही. म्हणाली, "दादा, मी हात नाय लावला. आमच्याकडं दोरी अशीच गुंडालतात, खरं हाय. पन ही मी नाय गुंडालली. आन चावी माझ्याकडं हाय कुठं?" चावी खरंच तिच्याकडे नव्हती. दाराला एकच कुलूप आणि त्याची चावी काकूंच्या कमरेला. पण काकूंच्या बोटांना संधिवात, त्यांना साधी पिशवीची गाठ सुटत नाही. त्या वायरीला आठाचे वेढे घालतील हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

तरी मी भारतीवरचा संशय काही सोडला नाही. मग तिच्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि ती आठवडाभर उरणलाच राहिली. त्या आठवड्यातही वायर रोज निघत होती.

तुम्ही विचाराल, कॅमेरा का नाही लावला? केंद्रात कॅमेरा लावायचा नाही हा काकांचा नियम. दुसऱ्या लग्नासाठी येणारी माणसं आधीच बिचकलेली असतात, त्यांना कुणी टिपतंय असं वाटायला नको. काकूंनी तो नियम मोडू दिला नाही. मग मी राउटरच्या नोंदी काढल्या. वायर कधी निघते ते त्यात कळतं. वाटलं, वेळ ठरावीक असणार, म्हणजे मशीनमध्येच काहीतरी लोच्या असेल आणि गुंडाळणारा दुसरा कुणीतरी भुरटा. पण वेळ ठरावीक नव्हती. रोज थोडी थोडी अलीकडे सरकत होती. मी घरी ते आकडे घेऊन डोकं खाजवत बसलो होतो. अनघा मागून आली, एक नजर टाकली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं आणि सूर्यास्ताच्या रकान्यावर बोट ठेवलं. दिवस लहान होत चालले होते. वायर दिवेलागणीला निघत होती.

त्या रात्री मी सदराची टिंगल केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, आज आपण संध्याकाळी केंद्रातच थांबू. भारती परत आली होती, तीही थांबली. ऊन उतरत होतं, खिडकीतून पिवळा उजेड थेट मशीनवर पडला होता. मी स्वतः वायर लावून क्लिप बसल्याचा आवाज ऐकला आणि ओढून पाहिलं. मग मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो, नजर हलवायची नाही असं ठरवून. खाली फरसाणवाल्याकडे गिऱ्हाईकांची गडबड चालली होती. अगदी रोजच्यासारखी संध्याकाळ होती, भीतीबिती काही नाही.

काकू उठल्या. देव्हाऱ्यात दिवा लावला. मी खुर्चीतून उठलो आणि आम्ही तिघांनी... हात जोडले आणि डोळे मिटले.

मला विचाराल तर मी अजून स्वतःवर चिडतो. बसलो कशासाठी होतो आणि केलं काय! पण त्या खोलीत, त्या वेळेला, त्या दिव्यासमोर इतक्या वर्षांची सवय. काका असताना मी कितीदा तिथे असा उभा राहिलो होतो. डोळे आपोआप मिटले. शेजारी भारतीच्या बांगड्या हात जोडताना वाजल्या त्या मी ऐकल्या. काकू माझ्या पुढ्यात होत्या, पुटपुटत होत्या. मशीनकडे जायचं तर माझ्या खुर्चीला वळसा घालूनच जावं लागतं आणि ती लाकडी जमीन मांजर चाललं तरी करकरते. काही करकरलं नाही.

डोळे उघडले. वायर खिळ्यावर होती. आठाचे वेढे, कमरेला आवळलेला शेवटचा वेढा. आणि नुकतीच अडकवल्यासारखी जराशी हलत होती.

भारतीने माझा दंड धरला. काकू मात्र वळल्या, वायरीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला एकदम त्यांचं तरुणपण दिसलं. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच ओळखलं मी."

मग माझ्या लक्षात आलं की इतके दिवस त्या मला नुसतं 'वायर निघते' एवढंच सांगत होत्या, तक्रार अशी करतच नव्हत्या. परत जाताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. मशीनला बाहेरून धोका आहे तोवरच हे येतायत, असं त्यांचं म्हणणं. जिवंतपणी जसे कुलूप लावल्यावर परत एकदा ओढून बघायचे, तसं. तू सगळं पक्कं केलंस तर ते कशाला येतील?

"राहू दे ना थोडे दिवस," त्या म्हणाल्या. "तुझं ते नवीन सॉफ्टवेअर आलं नाही असंच समज."

ते आदल्याच दिवशी आलं होतं, माझ्या बॅगेत होतं. मी हो म्हणालो. काय करणार? ज्या बाईने माझ्या लग्नात अनघाच्या आईला जवळ घेऊन तिचे हुंदके थांबवले, तिला मी नवऱ्याची भेट बंद करतो असं सांगू शकलो नाही. तेव्हापासून काकू संध्याकाळी केंद्रातच थांबायला लागल्या. चांगलं पातळ नेसून यायच्या, गजरा माळायच्या. गुडघ्यांचं नावही काढेनात. भारती आधी बावरलेली, पण तीही रुळली, सकाळी आली की वायर परत लावून टाकायची. मला म्हणाली, काका जितेपनी कुनाला दुखवले नाय, आता कशाला दुखवतील?

पण माझी झोप उडाली होती. वाट उघडीच होती. काकांची राखण दिवेलागणीनंतरची, आणि चोरांना दिवस काय नि रात्र काय. त्या मशीनच्या पोटात किती जणांची माहिती होती... फोटो, पत्ते, पगार, घटस्फोटाची कारणं, आजारपणं. लोकांनी सख्ख्या भावाला सांगितलं नसेल ते काकांना विश्वासाने लिहून दिलेलं.

व्हायचं ते झालंच. एका दुपारी बाहेरून कुणीतरी मशीनमध्ये शिरलं आणि मशीनमधल्या सगळ्या पत्त्यांवर केंद्राच्या नावाने मेल सुटले. बहुतेक भिकार जाहिराती. पण काहींना सोबत मशीनमध्ये साठलेलं एखादं पानही गेलं, कुणाचं कुणालाही. मला कळेपर्यंत उशीर झाला होता. मी धावत जाऊन वायर उपटली, त्या दिवशी माझ्या हाताने.

संध्याकाळच्या आत एक बाई आल्या, नवीन पनवेलच्या. त्यांच्या मुलीचं पहिलं लग्न मोडलेलं, का मोडलं ते केंद्रात दिलेल्या कागदावर होतं आणि तो कागद तिच्याच ऑफिसातल्या एका मुलाकडे गेला होता. त्यानेही इथे नाव नोंदवलेलं. बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंच्या समोर बसून एवढंच म्हणाल्या, "काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, हे या खोलीबाहेर जाणार नाही. म्हणून मी लिहून दिलं."

काकूंनी त्यांचा हात हातात घेतला आणि चूक आमची आहे असं स्पष्ट सांगितलं. बाई गेल्यावर त्या मशीनकडे वळल्या. मग मला म्हणाल्या, कर बंद. सगळं कर. आत्ता.

ते दोन-तीन दिवस मी बाकीची कामं बाजूला ठेवली. पत्ते होते त्या सगळ्यांना काकूंनी फोन करून झाला प्रकार सांगितला, माफी मागितली. काहींनी नावं काढून घेतली. मी मशीन आतून पुसून काढलं, नवीन सॉफ्टवेअर घातलं, सगळ्या वाटा बुजवल्या. निखिलला मीच खडसावलं.

काम संपलं त्या संध्याकाळी मी बॅग उचलली, तर काकू म्हणाल्या, थांब. त्यांना सांग.

मला कळेना. म्हटलं, कुणाला?

"ह्यांना. काय काय केलंस ते नीट सांग. माझ्या सांगण्याने त्यांचा विश्वास बसायचा नाही, मला त्यातलं कळत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तू सांगितलंस तर पटेल."

मी आजवर बऱ्याच साहेबांसमोर उभं राहून रिपोर्ट दिले आहेत. पण दिवेलागणीला, पेटत्या दिव्याच्या उजेडात, एका झेरॉक्स मशीनशेजारच्या रिकाम्या खुर्चीला रिपोर्ट देताना माझी जी गाळण उडाली ती कधी उडाली नव्हती. भारतीने खुर्ची पुसून सरळ केली. मी घसा खाकरला.

म्हटलं, "काका, मी संदीप. बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करणारा."

आणि सांगायला लागलो. म्हटलं, काका, राउटरमधून आत येणारी वाट बुजवली, आता बाहेरच्या जगाला हे मशीन दिसतच नाही. निखिललाही नाही, तो आता कागद मेल करेल आणि भारती बघून छापेल. पासवर्ड नवीन आहे, तो फक्त काकूंकडे आहे. आलेला मेल आपोआप छापला जात नाही. मशीनच्या पोटात काही साठत नाही, काम झालं की पुसलं जातं, आणि उद्या कुणी मशीनच उचलून नेलं तरी आतलं त्याला वाचता येणार नाही. मशीनसमोर उभं राहून गुप्त आकडा दाबल्याशिवाय एक पान बाहेर पडत नाही.

बोलता बोलता मला त्यांचा आवाज डोक्यात ऐकू यायला लागला. भूतबीत नाही हो, आठवण. काही सांगितलं की ते नेहमी उलट प्रश्न टाकायचे. 'आणि आतल्याच माणसाने चूक केली तर?' मी त्याचंही उत्तर दिलं. म्हटलं, दोघींना शिकवलंय, आणि दर महिन्याला मी स्वतः येऊन बघणार आहे, माझ्या हातपायात जोर आहे तोवर. लोकांनी तुम्हाला जे सांगितलं ते या खोलीतच राहील. आता वायर काढायची गरज नाही, काका.

भारती रडत होती. काकू ताठ उभ्या होत्या. आम्ही हात जोडले, डोळे मिटले.

मी डोळे उघडायला घाबरत होतो. आणि का घाबरतोय तेच कळत नव्हतं... वायर निघालेली असेल म्हणून, की नसेल म्हणून.

वायर जागेवर होती. मशीनच्या मागचा हिरवा दिवा लुकलुकत होता. काकू पुढे गेल्या, वायरीवरून एकदा हात फिरवला. म्हणाल्या, "पटलं त्यांना."

त्यानंतर वायर एकदाही निघालेली नाही. केंद्र चालू आहे, नावं काढून घेतलेल्यांपैकी काही परत आले. त्या नवीन पनवेलच्या बाईंनी तर मुलीचं लग्न केंद्रातूनच जमवलं आणि काकूंना आग्रहाने पहिल्या पंक्तीला बसवलं.

मी हा प्रकार माझ्या धंद्यातल्या मित्रांना सांगितला. त्यांनी भरपूर कारणं दिली. क्लिप सैल असेल, उंदीर असतील, तुम्हा तिघांना एकदमच भास झाला असेल. उंदीर वायर कुरतडतात, गुंडाळून खिळ्यावर टांगत नाहीत. आणि भास राउटरच्या नोंदीत उमटत नाही. त्या नोंदी मी अजून जपून ठेवल्यात, अधूनमधून काढून बघतो. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, पण मला ते हवंच आहे असंही आता राहिलेलं नाही.

परवा महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. सगळं ठीकठाक होतं. काकूंनी बंद करताना मशीनच्या मागे वाकून पाहिलं. रोज बघतात, भारतीने मला सांगितलंय. मग मी त्यांना स्कूटरवरून खांदा कॉलनीत सोडलं. फाटकाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि म्हणाल्या, काम चोख केलंस हो, लोक खूश आहेत. दोन पावलं गेल्या आणि परत वळल्या.

"पण संदीप," म्हणाल्या, "थोडंसं कच्चं ठेवायला हवं होतंस रे."